नळापर्यंत पोहोचलेले पाणी सुरक्षित आहे, हे कशावरून ठरते?

पाण्याच्या नमुन्यात विष्ठेतून आलेले जिवाणू आहेत की नाहीत, हे प्रयोगशाळेत कळायला साधारण १८ ते २४ तास लागतात. म्हणजे अहवाल हाती येतो तेव्हा ज्या पाण्याबद्दल तो असतो, ते पाणी लोकांनी आदल्या दिवशीच पिऊन टाकलेले असते. नळाच्या पाण्याचा विचार करताना एवढी एक गोष्ट आधी ध्यानात घेतली, तर पुढच्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो. प्रयोगशाळेची तपासणी आवश्यकच आहे, पण आजचे पाणी आज सुरक्षित ठेवण्याचे काम ती करू शकत नाही. ते काम दोन साध्या मापनांवर चालते, जी जागच्या जागी आणि काही मिनिटांत घेता येतात: पाण्याचा गढूळपणा आणि पाण्यात शिल्लक राहिलेला क्लोरीन. लहान शहरात ही दोन मापने रोज, योग्य ठिकाणी आणि प्रामाणिकपणे घेतली जातात का, यावर तिथल्या पाण्याचा भरवसा जितका अवलंबून असतो, तितका तो शुद्धीकरण केंद्रातल्या यंत्रांच्या किमतीवर नसतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

नदीचे किंवा तलावाचे पाणी केंद्रात येते तेव्हा त्यात माती, कुजलेला पाला, शेवाळ आणि असंख्य सूक्ष्मजीव असतात. मोठे कण थोड्या वेळात तळाशी बसतात, परंतु मातीचे अतिसूक्ष्म कण कितीही वेळ पाणी स्थिर ठेवले तरी खाली बसत नाहीत, कारण त्यांच्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार असतो आणि त्यामुळे ते एकमेकांना दूर लोटत राहतात. तुरटी घातली की या भाराचा प्रभाव नाहीसा होतो, कण एकमेकांना चिकटू लागतात आणि पाणी संथपणे ढवळत राहिले की त्यांचे कापसासारखे पुंजके होऊन तळाशी बसतात. तुरटीचे प्रमाण मात्र कायमचे ठरवून ठेवता येत नाही. पावसाचा लोंढा आला की कालचे प्रमाण आज अपुरे पडते, आणि गरजेपेक्षा जास्त तुरटी घातली तरीही पाणी नीट निवळत नाही. म्हणून जिथे काम चोख चालते तिथे सहा काचपात्रांत तेच पाणी घेऊन प्रत्येकात तुरटीची वेगळी मात्रा घालतात, सगळी पात्रे एकाच वेगाने ढवळतात, मग ढवळणे थांबवून कोणत्या पात्रातले पाणी सर्वांत चांगले निवळते ते पाहतात आणि त्यावरून त्या दिवसाची मात्रा ठरवतात. जार टेस्ट नावाची ही चाचणी करायला फार खर्च येत नाही. तिच्यासाठी लागतो तो वेळ आणि ती रोज करणारा माणूस, आणि लहान केंद्रांत नेमकी याचीच वानवा असते.

निवळलेले पाणी वाळूच्या थरांतून गाळले जाते. वाळूत अडकलेला गाळ काढण्यासाठी ठरावीक काळाने तळाकडून वर असा पाण्याचा उलटा प्रवाह सोडून थर धुवावे लागतात, आणि अशा धुण्यानंतर गाळणीतून येणारे सुरुवातीचे पाणी काही वेळ नेहमीपेक्षा गढूळ असते. ते पाणी पुढे न सोडता टाकून देणे हा नियम साधा आहे, पण पाण्याची टंचाई असली किंवा टाकी भरण्याची घाई असली की आधी तोच मोडला जातो. गढूळपणाला इतके महत्त्व का द्यायचे, तर त्याला दोन कारणे आहेत. कणांच्या आडोशाला लपलेल्या जिवाणूंपर्यंत क्लोरीन पोहोचत नाही, आणि हे कण स्वतःच क्लोरीन खाऊन टाकतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार क्लोरीन घालण्यापूर्वी पाण्याचा गढूळपणा शक्यतो १ एनटीयूपेक्षा (एनटीयू हे गढूळपणा मोजण्याचे एकक) कमी असावा. ५ एनटीयूच्या आतला गढूळपणा पेल्यातल्या पाण्यात डोळ्यांना सहसा जाणवत नाही, त्यामुळे पाणी पारदर्शक दिसते एवढ्यावरून ते या कसोटीला उतरले असे म्हणता येत नाही.

काही रोगकारक जीव तर क्लोरीनला दादच देत नाहीत. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी जाड कवचात बंद असतो, त्याचा आकार ४ ते ६ मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) असतो आणि पिण्याच्या पाण्यात जेवढा क्लोरीन असतो तेवढ्याने तो मरत नाही. त्याला गाळणीतच अडवावे लागते. १९९३ मध्ये अमेरिकेतील मिलवॉकी शहरात गाळण्याची प्रक्रिया कमी पडली आणि या परजीवीमुळे सुमारे ४ लाख लोक आजारी पडल्याचा अंदाज पुढे मांडला गेला. क्लोरीन घातलेले पाणी होते, तरीही हे घडले.

आता खुद्द क्लोरीनकडे वळू. पाण्यात टाकलेला क्लोरीन आधी लोह, अमोनिया आणि सेंद्रिय पदार्थ यांच्याशी संयोग पावून खर्च होतो. ही मागणी भागल्यानंतर जो शिल्लक राहतो, तो उर्वरित क्लोरीन, आणि पुढच्या सगळ्या प्रवासात पाण्याचे रक्षण तोच करतो. म्हणूनच ‘आम्ही रोज इतका क्लोरीन घालतो’ या उत्तराला फारसा अर्थ नसतो. किती उरला, हे महत्त्वाचे. क्लोरीन मिसळल्यावर किमान ३० मिनिटांनी प्रतिलिटर ०.५ मिलिग्रॅम मुक्त, म्हणजे कशाशीही संयोग न पावलेला, क्लोरीन शिल्लक असावा आणि ग्राहकाच्या नळापाशी तो किमान ०.२ मिलिग्रॅम असावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. यातही पाण्याचा सामू (पीएच, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी किंवा अल्कधर्मी आहे ते दाखवणारा आकडा) पाहावा लागतो. क्लोरीन पाण्यात विरघळल्यावर जे हायपोक्लोरस आम्ल तयार होते तेच जंतूंना प्रभावीपणे मारते, सामू ७.५ च्या आसपास त्याचे प्रमाण निम्मे होते आणि ८.५ ला ते दहा टक्क्यांच्या आसपास उरते. तेव्हा आकडा तोच, पण त्याची ताकद वेगळी, असे होऊ शकते.

उर्वरित क्लोरीन मोजणे अवघड नाही. नळ थोडा वेळ वाहू द्यावा, कुपीत खुणेपर्यंत पाणी भरावे, त्यात डीपीडी नावाच्या रसायनाची गोळी चुरून टाकावी आणि झाकण लावून हलवावे. पाणी गुलाबी झाले की तो रंग सोबतच्या पट्टीवरील छटांशी ताडून पाहायचा. जितकी छटा गडद, तितका क्लोरीन अधिक. पाणी रंगहीनच राहिले, तर त्या नळाला येणाऱ्या पाण्यात मुक्त क्लोरीन शिल्लक नाही. पूर्वी यासाठी ऑर्थोटोलिडीनचे थेंब वापरत आणि पाणी पिवळे होई, परंतु ते रसायन हाताळणाऱ्यासाठी घातक असल्यामुळे त्याचा वापर टाळणेच योग्य आहे.

क्लोरीनबद्दल लोकांच्या मनात भीती असते, आणि ती अगदीच निराधार नाही. पाण्यातील सेंद्रिय पदार्थांशी त्याचा संयोग होऊन ट्रायहॅलोमिथेनसारखी उपउत्पादने तयार होतात आणि त्यांच्यावर मर्यादा घातलेल्या आहेत. पण ही उपउत्पादने कमी करण्याचा योग्य मार्ग म्हणजे क्लोरीन घालण्यापूर्वी पाणी अधिक चांगले निवळणे व गाळणे. क्लोरीनच कमी करणे हा मार्ग नव्हे, कारण दूषित पाण्याचा धोका काही तासांत किंवा दिवसांत समोर उभा राहतो आणि तो लहान मुलांना सर्वांत आधी गाठतो.

यानंतरचा टप्पा मला सर्वांत दुर्लक्षित वाटतो, तो म्हणजे जमिनीखालच्या जलवाहिन्या. केंद्रातून चांगले पाणी सुटले म्हणजे नळाला चांगलेच येणार, ही समजूत फक्त तेव्हा खरी असते जेव्हा वाहिन्यांत चोवीस तास पुरेसा दाब असतो. दाब असताना गळकी वाहिनी पाणी बाहेर फेकते. नुकसान होते, पण बाहेरची घाण आत येत नाही. ठरावीक तासच पाणी सोडणाऱ्या शहरांत पुरवठा बंद झाला की वाहिनी रिकामी होऊ लागते, आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो, आणि ज्या चिरेतून सकाळी पाणी बाहेर झिरपत होते त्याच चिरेतून दुपारी आसपासचे सांडपाणी आत खेचले जाते. शेजारून मलवाहिनी किंवा उघडे गटार जात असेल, तर काय होईल हे वेगळे सांगायला नको. नळाला थेट मोटर लावून पाणी ओढणारे लोकही हाच धोका वाढवतात, कारण त्या ओढीमुळे पुरवठा चालू असतानाही शेजारच्या वाहिनीतला दाब घसरतो. पुरवठा पुन्हा सुरू झाल्यावर पहिल्या लोटासोबत ही सगळी घाण पुढे येते. म्हणून पाणी आल्यावर सुरुवातीचे पाणी पिण्यासाठी भरू नये. ते धुण्यापुसण्याला किंवा झाडांना वापरावे.

वाहिनीचे जे फाटे पुढे कुठेच जोडलेले नसतात, तिथे पाणी रेंगाळते आणि वाटेत क्लोरीन संपून जातो. त्यामुळे शहराच्या टोकाचा, शेवटच्या घराचा नळ हीच मोजमापाची खरी जागा आहे. तिथे ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन मिळत असेल, तर अलीकडच्या घरांबद्दल बऱ्यापैकी निर्धास्त राहता येते. शिवाय हे मापन धोक्याची सूचनाही देते. एखाद्या नळाला महिनोन्महिने ०.४ मिळत असेल आणि एके दिवशी एकदम शून्य मिळाले, तर वाटेत काहीतरी आत शिरले आहे आणि क्लोरीन त्याच्यावर खर्च होत आहे, असेच आधी धरून चालावे. प्रयोगशाळेचा अहवाल यायला एक दिवस असताना ही सूचना त्याच क्षणी मिळते.

या सगळ्यात माणसांचा वाटा किती मोठा असतो, हे कॅनडातील वॉकर्टनमध्ये जे घडले त्यातून जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच कुठे दिसते. ओंटारियो प्रांतातील सुमारे पाच हजार वस्तीच्या या गावाला विहिरींतून पाणी मिळत असे आणि त्यांपैकी एक विहीर उथळ होती. मे २००० मध्ये काही दिवस जोरदार पाऊस झाला आणि जवळच्या शेतात घातलेल्या शेणखतातील ई-कोलाय ओ१५७ हा घातक जिवाणू पाण्याबरोबर झिरपत त्या विहिरीत उतरला. शेतकऱ्याचे यात काही चुकले नव्हते, असे नंतरच्या न्यायालयीन चौकशीनेही नमूद केले. चूक पाणीपुरवठ्याच्या बाजूला होती. क्लोरीन नियमापेक्षा कमी घातला जात होता आणि उर्वरित क्लोरीन रोज प्रत्यक्ष न मोजताच नोंदवहीत ०.५ किंवा ०.७५ असे आकडे लिहिण्याची सवय वर्षानुवर्षे चालत आली होती. पाण्याचे नमुने एका ठिकाणी घेऊन त्यांच्यावर दुसऱ्याच ठिकाणाचे नाव घातले जात असे. नमुने दूषित असल्याचे प्रयोगशाळेने कळवल्यानंतरही, आरोग्य खात्याने विचारणा केली तेव्हा पाणी ठीक असल्याचे सांगितले गेले. ७ माणसे मृत्युमुखी पडली आणि २,३०० हून अधिक आजारी पडली. त्या विहिरीवर क्लोरीन आणि गढूळपणा सतत मोजणारी उपकरणे बसवलेली असती तर हा साथीचा प्रकार टळला असता, असा चौकशीचा निष्कर्ष होता.

मला यातली सर्वांत अस्वस्थ करणारी बाब ही वाटते की तिथले कर्मचारी स्वतः ते पाणी पीत होते आणि ते चांगले आहे यावर त्यांचा मनापासून विश्वास होता. क्लोरीनची चव लोकांना आवडत नाही, तक्रारी येतात, आणि इतकी वर्षे कोणाला काही झाले नाही, या तीन गोष्टी एकत्र आल्या की मोजमाप हा निव्वळ कागदी उपचार वाटू लागतो. लहान शहरात पंप चालवणे, रसायन घालणे, गळती काढणे आणि नोंदवही भरणे ही सगळी कामे एकदोघांकडेच असतात. त्यांना प्रशिक्षण आणि उपकरणे न देता केवळ आकडे मागितले, तर आकडेच मिळतात.

जंतूंखेरीज दुसरा प्रश्न रसायनांचा आहे, आणि त्याचे स्वरूप अगदी वेगळे असते, कारण इथे परिणाम हळूहळू साठत जातात. भूजलातील फ्लोराइडसाठी जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शक मूल्य प्रतिलिटर १.५ मिलिग्रॅम, नायट्रेटसाठी ५० मिलिग्रॅम, तर आर्सेनिक आणि शिसे यांच्यासाठी प्रत्येकी १० मायक्रोग्रॅम आहे. फ्लोराइड, आर्सेनिक आणि नायट्रेट मुळातच स्रोतात असतात, पण शिसे बहुतेक वेळा वाटेतल्या नळांतून पाण्यात उतरते. अमेरिकेतील सुमारे एक लाख वस्तीच्या फ्लिंट शहराने एप्रिल २०१४ मध्ये खर्च वाचवण्यासाठी डेट्रॉइटकडून येणारे पाणी बंद करून फ्लिंट नदीचे पाणी घेतले. आधीच्या पाण्यात फॉस्फेट असे आणि त्यामुळे जुन्या वाहिन्यांच्या आतल्या बाजूला संरक्षक थर टिकून राही. नदीचे पाणी अधिक क्षरणकारी, म्हणजे धातू झिजवणारे, होते आणि त्यात फॉस्फेट घातले गेले नाही. तो थर सुटू लागला आणि शिसे घराघरांत पोहोचले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जनरल मोटर्सच्या तिथल्या इंजिन कारखान्याने सुटे भाग गंजतात म्हणून हे पाणी घेणे थांबवले, तरी रहिवाशांना ते आणखी एक वर्ष पुरवले जात राहिले. लोखंडी वाहिन्या गंजू लागल्या की तो गंज पाण्यातला क्लोरीनही संपवून टाकतो, म्हणजे रसायनांचा प्रश्न आणि जंतूंचा प्रश्न इथे एकमेकांत मिसळतात. स्रोत बदलला की पाण्याची क्षरणक्षमता नव्याने तपासलीच पाहिजे, आणि जुन्या इमारतींत रात्रभर नळात साचलेले पाणी पिण्यासाठी किंवा बाळाच्या दुधासाठी वापरू नये.

पाणी दिसते कसे, यावरून काही अंदाज करता येतात. पेल्यातले दुधी पाणी तळाकडून वर असे स्वच्छ होत गेले तर ते केवळ हवेचे बुडबुडे असतात. लालसर रंग लोहाचा किंवा गंजाचा, काळपट कण बहुधा मँगनीजचे, आणि भांड्यावरचे निळसर-हिरवे डाग तांब्याच्या नळाचे. मातीसारखा वास शेवाळ व काही जिवाणू यांच्यापासून बनणाऱ्या जिओस्मिनचा असतो, आणि माणसाचे नाक तो लिटरमागे काही नॅनोग्रॅम इतक्या अत्यल्प प्रमाणातही ओळखते. तो त्रासदायक असला तरी त्या प्रमाणात अपायकारक नसतो. गटारासारखा वास आणि अचानक आलेला गढूळपणा मात्र कधीही हसण्यावारी नेऊ नये. ते पाणी वापरणे तत्काळ थांबवून कळवावे.

घरातल्या उपायांबद्दल सर्वांत मोठा गैरसमज टीडीएस मीटरमुळे पसरला आहे. हे उपकरण पाण्याची विद्युतवाहकता मोजून त्यात विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देते, आणि या क्षारांचा संबंध मुख्यतः चवीशी असतो. जिवाणू, विषाणू किंवा आर्सेनिकचे घातक प्रमाण त्याला कळत नाही. सांडपाणी मिसळलेल्या पाण्याचा आकडाही कमीच दिसू शकतो. त्याचप्रमाणे जड पाण्याने साबणाला फेस येत नाही आणि भांड्यांत थर जमतो, पण तेवढ्याने ते पिण्यास अयोग्य ठरत नाही. आरओ यंत्र क्षार, फ्लोराइड आणि आर्सेनिक यांसाठी खरोखर उपयोगी आहे, परंतु जिथे ही समस्या नाही तिथे ते बसवून बरेच पाणी वाया घालवण्यात अर्थ नाही. यूव्ही दिवा जंतू निष्प्रभ करतो, मात्र पाणी गढूळ असेल तर किरण आतपर्यंत पोहोचत नाहीत. या दोन्ही यंत्रांत सहसा कार्बनची गाळणी असते आणि ती क्लोरीन काढून टाकते, त्यामुळे त्यातून निघालेल्या पाण्याला पुढे कोणतेही संरक्षण उरत नाही. ते झाकलेल्या, तोटी असलेल्या भांड्यात ठेवून लवकर संपवावे. उकळणे हा जंतूंवरचा सर्वांत खात्रीचा उपाय आहे. पाण्याला खळखळून उकळी येऊन ती एक मिनिट टिकली तरी पुरते, फक्त २,००० मीटरहून उंच ठिकाणी ती तीन मिनिटे टिकवावी. पण उकळल्याने शिसे, नायट्रेट, फ्लोराइड जात नाहीत; उलट पाणी आटल्यामुळे त्यांचे प्रमाण थोडे वाढते. छतावरची टाकी झाकलेली नसेल किंवा वर्षानुवर्षे धुतलेली नसेल, तर महापालिकेने दिलेले उत्तम पाणीही तिथे बिघडते, आणि मग दोष भलत्याच ठिकाणी शोधला जातो.

नागरिकांनी काय विचारावे, हेही यातूनच ठरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार ५,००० ते १ लाख लोकसंख्येच्या शहरात दर ५,००० माणसांमागे वर्षाला किमान १२ नमुने जंतूंसाठी तपासावेत, म्हणजे ६०,००० वस्तीच्या शहरात १४४. तेवढे झाले का, हा पहिला प्रश्न. प्रत्येक नमुन्याच्या १०० मिलिलिटरमध्ये ई-कोलाय, म्हणजे विष्ठेतून येणारा जिवाणू, आढळता कामा नये, म्हणून सरासरी न मागता प्रत्येक नमुन्याचा निकाल मागावा, कारण सरासरीत एखाद्या वस्तीचे दूषित पाणी सहज लपते. नमुने कुठल्या नळांवरून घेतले, हा माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. ते सगळे शुद्धीकरण केंद्राच्या किंवा मुख्य जलकुंभाच्या आसपासचे असतील, तर वाहिन्यांबद्दल त्यांतून काहीच कळत नाही. टोकाच्या वस्त्या, उताराखालचे भाग आणि ज्या रस्त्यांवर वारंवार गळती होते ते रस्ते यादीत असायलाच हवेत. आणि जो नमुना नापास झाला त्याचे पुढे काय झाले, हेही विचारावे: लोकांना पाणी उकळण्याची सूचना किती तासांत दिली, वाहिनी धुऊन वाढीव क्लोरीन सोडला का, गळती सापडली का, आणि त्याच नळाचे लागोपाठ घेतलेले पुढचे नमुने निर्दोष आल्यानंतरच सूचना मागे घेतली का.